प्राध्यापकांना तंत्रज्ञान शिकवताना साधन शेवटी, युनिट आधी

हा लेख आयक्यूएसी (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक, विभागप्रमुख आणि 'तुम्हाला कॉम्प्युटर जमतो, तुम्हीच घ्या प्रशिक्षण' असे ज्यांना सांगितले जाते त्या प्राध्यापकांसाठी आहे.

गोव्यातल्या कॉलेजांत हे प्रशिक्षण बहुधा एकाच ठिकाणी फसते. सेमिस्टर संपले की दोन दिवसांची कार्यशाळा लागते. वक्ता मूडल (ऑनलाइन वर्ग चालवण्याची प्रणाली), कॅन्व्हा, कहूट, पॅडलेट आणि आता चॅटजीपीटी अशी साधने भराभर दाखवतो आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. नवे सेमिस्टर उघडते तेव्हा वर्गात तीच जुनी पीपीटी लागते. माझ्या सुरुवातीच्या कार्यशाळांचेही असेच झाले. हॉलमध्ये सगळ्यांनी मूडलवर खाती उघडली, पण पुढच्या सेमिस्टरला ती वापरणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यात सहकाऱ्यांचा आळस नव्हता. मी त्यांना साधन दिले होते आणि ते कुठे लावायचे हे त्यांच्यावर सोडून दिले होते.

तेव्हापासून मी एकच अट ठेवली आहे. प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःच्या विषयातले एक युनिट घेऊन यायचे, आणि ते युनिट वर्गात एकदा शिकवून होईपर्यंत प्रशिक्षण संपले असे मानायचे नाही. पुढचे टप्पे या अटीवर बेतलेले आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## १. पूर्वतयारी: कार्यशाळेआधीचे तीन आठवडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे राहिलेली कसर पुढे कुठेही भरून निघत नाही.

युनिटची निवड. प्राध्यापकांना तीन गोष्टी आणायला सांगा: विषयाचा मंजूर अभ्यासक्रम, मागच्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या काही उत्तरपत्रिका. मुले कुठे हमखास अडखळतात ते उत्तरपत्रिकांत दिसते. तेच युनिट निवडायचे. आवडते युनिट नको, कारण ते आधीच चांगले शिकवले जात असते. अख्खा अभ्यासक्रम तर मुळीच नको.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो: पर्यावरण किंवा भूगोलाच्या वर्गातली खाजन शेती. भरतीच्या पातळीखालची जमीन, तिच्याभोवतीचे बांध, पाणी आत-बाहेर सोडणारे दार म्हणजे मानस आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगुट भात. मुले व्याख्या बरोबर लिहितात. पण 'मानस मोडली तर पहिल्या भरतीला काय होईल?' असे विचारले की उत्तर येत नाही. अशी गाठ ज्या युनिटमध्ये असेल ते प्रशिक्षणासाठी योग्य.

विद्यार्थ्यांची माहिती. मोबाइल स्वतःचा की घरात मिळून एकच? डेटा पॅक महिनाभर पुरतो का? घरी नेटवर्क कुठे मिळते, आत, अंगणात की रस्त्यावर जाऊन? फोनमध्ये जागा किती रिकामी? घरी पोचायला किती वाजतात? ही माहिती वर्गात कागदावर घ्या.

> इशारा: हे सर्वेक्षण गूगल फॉर्मवर घेऊ नका. ज्यांच्याकडे नेटवर्क नाही ते फॉर्म भरणारच नाहीत, आणि तुमच्या हातात 'सगळ्यांकडे इंटरनेट आहे' असा चुकीचा निष्कर्ष येईल. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या वाड्यांवरून कदंबच्या सरकारी बसने ये-जा करणारी मुले अशीच हिशेबातून गळतात. २०२० च्या टाळेबंदीत नेटवर्कसाठी डोंगर चढणारी मुले आपण पाहिली आहेत. आराखडा आखताना ती डोळ्यांसमोर असू द्या.

खोली आणि वीज. कार्यशाळेच्या आठवडाभर आधी त्याच खोलीत, त्याच वेळी, वीस-पंचवीस फोन एकदम वाय-फायला जोडून पाहा. एकट्याच्या लॅपटॉपवर चाललेले नेट तीस जणांच्या भाराखाली बसते. एक्स्टेन्शन बोर्ड, प्रोजेक्टरची केबल आणि नव्या लॅपटॉपला लागणारा अडॅप्टर हाताशी ठेवा. पावसाळ्यात लाईट जाणार हे धरूनच चाला आणि दोन्ही दिवसांसाठी छापील कागद तयार ठेवा.

फॉन्ट. मराठी, कोकणी आणि हिंदी विभागांसाठी ही बाब निर्णायक आहे, तरी ती सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. अनेक प्राध्यापकांची वर्षानुवर्षांची टिपणे श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ती मूडलवर किंवा व्हॉट्सअॅपवर चिकटवली की विद्यार्थ्याच्या फोनवर निरर्थक इंग्रजी अक्षरे उमटतात. कार्यशाळेआधी निदान निवडलेल्या युनिटची टिपणे युनिकोडमध्ये (सगळ्या फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) आणून घ्या. रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात, पण त्यानंतर रफार, जोडाक्षरे आणि आकडे डोळ्यांनी तपासावेच लागतात. ज्यांना टायपिंग नकोसे वाटते त्यांना फोनवर बोलून लिहिण्याची सोय दाखवा. ज्येष्ठ सहकाऱ्यांची भीती माझ्या अनुभवात यानेच सगळ्यात लवकर जाते.

## २. पहिला अर्धा दिवस: लॅपटॉप बंद

सहभागी लॅपटॉप उघडून बसले की मन साधनात अडकते. म्हणून पहिल्या सत्रात फक्त कागद आणि पेन. प्रत्येकाने एका कागदावर चार रकाने आखायचे आणि ते याच क्रमाने भरायचे.

पहिला रकाना: युनिट संपल्यावर विद्यार्थी काय करू शकेल? इथे 'समजेल', 'जाणीव होईल', 'ओळख होईल' ही क्रियापदे बाद. शिकण्याच्या उद्दिष्टांची ब्लूमची वर्गवारी १९५६ पासून शिक्षकांच्या हातात आहे, २००१ मध्ये ती सुधारली गेली आणि अभ्यासक्रमाच्या पानावर तिची क्रियापदे छापलेलीही असतात. तरी लिहिताना हात 'समजेल'कडेच वळतो. खाजनच्या उदाहरणात वाक्य असे होईल: 'दिवाडी किंवा चोडणच्या नकाशावर विद्यार्थी बांध आणि मानस दाखवेल, आणि मानस बंद न झाल्यास पाणी कुठून कुठे शिरेल ते सांगेल.'

दुसरा रकाना: ते त्याला जमले हे कशावरून कळेल? खूण केलेला नकाशा आणि तीन मिनिटांचे तोंडी स्पष्टीकरण.

तिसरा: तिथवर पोचायला त्याला कोणता सराव लागेल? आधी तुम्ही एक नकाशा वाचून दाखवाल, मग जोडीने दुसरा, मग एकट्याने तिसरा.

चौथा रकाना साधनाचा. तो आज रिकामाच राहू द्या.

त्याच कागदाच्या मागे तासांचा हिशेब मांडा. चार क्रेडिटचा सैद्धांतिक विषय म्हणजे ६० तास. त्याची चार युनिटे धरली तर एका युनिटला १५. पंधरा चौकोन काढा आणि नव्या सरावासाठी जितके चौकोन भराल तितक्या चौकोनांतले जुने काम खोडा. आधीची सगळी व्याख्याने तशीच ठेवून वर व्हिडिओ, क्विझ आणि चर्चा लादणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक. पंधरा तासांत बावीस तासांचे काम भरले की शिक्षक आणि मुले दोघेही दमतात, आणि दोष तंत्रज्ञानावर येतो.

> तपासणी: कागद दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकाला वाचायला द्या. रसायनशास्त्राच्या मॅडमना खाजनचा पहिला रकाना वाचून विद्यार्थ्याने काय करायचे ते सांगता आले पाहिजे. सांगता आले नाही, तर वाक्य पुन्हा लिहा. हा कागद पक्का झाल्याशिवाय तिसऱ्या टप्प्यावर जाऊ देऊ नका, दुपार गेली तरी चालेल.

## ३. साधनाची निवड: एका युनिटला एकच नवे साधन

आता चौथा रकाना. कॉलेजात जे आधीपासून चालू आहे, मूडल असो वा गूगल क्लासरूम, तेच घ्या. विद्यार्थ्याला प्रत्येक विषयासाठी वेगळे लॉगिन करायला लावू नका. नवे साधन घ्यायचेच असेल तर ते फोनच्या लहान पडद्यावर नीट दिसते का, कमी डेटात उघडते का, गुण आणि उत्तरे बाहेर काढून ठेवता येतात का, हे स्वतःच्या फोनवर पाहा. फुकट आवृत्तीची मर्यादाही तिथेच कळते.

खाजनसाठी गूगल अर्थ पुरेसे आहे. कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत जुन्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा पाहता येतात. पाणी शिरून शेताची जागा खारफुटीने घेतलेले तुकडे तिथे मुलांना स्वतः शोधू द्या. इस्रोचे भुवन हे नकाशांचे संकेतस्थळ हाही पर्याय आहे. अर्थशास्त्राच्या वर्गाला नकाशा लागणार नाही. त्यांनी २०१२ आणि २०१८ मधल्या खाणबंदीच्या आधीची व नंतरची राज्याच्या महसुलाची आकडेवारी स्प्रेडशीटमध्ये घेऊन आलेख काढायला लावावा. साहित्याच्या वर्गाला कदाचित फक्त एक सामायिक दस्तऐवज पुरेल, ज्यात सगळे एकाच कवितेवर टिपणे लिहितील.

आणि काही युनिटांना साधन लागतच नाही. वर्गात तीन रंगांची कार्डे वर करायला लावून उत्तर घेतले तर ते क्विझच्या अॅपइतकेच कामाचे असते. चौथ्या रकान्यात 'काही नको' असे लिहिणाऱ्या प्राध्यापकाला अडवू नका, त्याचा विचार नीट झालेला आहे.

व्हिडिओ बनवण्याआधी शोधा. उच्च शिक्षण संचालनालयाने २०२० मध्ये सुरू केलेल्या दिश्टावो या ऑनलाइन शिक्षण उपक्रमासाठी गोव्यातल्याच प्राध्यापकांनी व्हिडिओ केले आहेत. स्वयम (केंद्र सरकारचे ऑनलाइन कोर्सचे व्यासपीठ) आणि एनपीटेलवरही (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) भरपूर साहित्य आहे. मात्र दिश्टावोचे जुने भाग २०२३-२४ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमाशी जुळतात का, हे आधी पाहा. व्हिडिओ पूर्ण बघितल्याशिवाय वर्गाला देऊ नका.

> इशारा: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमांनुसार सेमिस्टरमधले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. हा नियम विद्यार्थ्याने मिळवायच्या क्रेडिटबद्दल आहे. 'माझ्या विषयाचे ४० टक्के तास मी ऑनलाइन घेणार' असा त्याचा अर्थ काढून वेळापत्रक बदलू नका.

## ४. साहित्य तयार करणे

स्वयमच्या साहित्याचे चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. आपल्याकडे पहिल्यावरच सगळी शक्ती खर्च होते. उलट क्रम धरा. आधी मूल्यमापनाचा प्रश्न, मग वाचायचे एक पान, आणि व्हिडिओ गरज असेल तरच.

व्हिडिओ करायचाच तर लहान करा. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावरच्या वर्गांतले व्हिडिओ पाहण्याचे सुमारे ६९ लाख प्रसंग तपासणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात पाहणाऱ्यांचे लक्ष साधारण सहा मिनिटांपुरतेच टिकलेले दिसले. पन्नास मिनिटांचे व्याख्यान रेकॉर्ड करून टाकले की ते कोणी पाहत नाही, आणि वर्गातही कोणी नीट ऐकत नाही, कारण 'नंतर व्हिडिओ आहेच'. एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्या.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. पंखा बंद करा, कौलांवर पावसाचा मारा चालू असेल तर थांबा, आणि शर्टाला लावायचा साधा माइक वापरा. ४८० पी दर्जा पुरेसा असतो. त्याहून मोठी फाइल वाडीवरच्या फोनवर उतरत नाही.

भाषेबद्दल थोडे सविस्तर. पेपर इंग्रजीत लिहायचा असतो, पण वर्गात विषय उलगडतो तो कोकणीत किंवा मराठीत. रेकॉर्डिंग चालू झाले की बरेच प्राध्यापक एकदम पुस्तकी इंग्रजीत जातात आणि वर्गात असलेली ऊब निघून जाते. व्हिडिओतही वर्गात बोलता तसेच बोला. पारिभाषिक शब्द इंग्रजीत पडद्यावर दाखवा, स्पष्टीकरण आपल्या भाषेत करा. 'मानस' हा शब्द घरी ऐकलेल्या मुलाला स्लूस गेट म्हणजे काय ते वेगळे शिकवावे लागत नाही.

वाचनसाहित्य देताना पुस्तकाच्या पानांचे वाकडे फोटो जोडून पीडीएफ करू नका. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही, आणि फोनवर अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

> तपासणी: फोनचे वाय-फाय बंद करा, मोबाइल डेटावर, विद्यार्थ्याच्या खात्यातून (तुमच्या नव्हे) आत जा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे उघडा. शिक्षकाच्या खात्यातून सगळे उघडतेच. 'अॅक्सेस रिक्वेस्ट' मागणारी लिंक विद्यार्थ्याच्या खात्यातूनच पकडता येते.

## ५. सराव वर्ग

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकाला वीस मिनिटे. सहकारी विद्यार्थी होऊन बसतात, हातात फोन. मागे दोघे निरीक्षक तीनच गोष्टी टिपतात: सूचना किती वेळा पुन्हा सांगावी लागली, साधन हाताळण्यात किती मिनिटे गेली आणि विषयावर किती. मधेच नेट मुद्दाम बंद करा. नेट गेल्यावर जो प्राध्यापक छापील नकाशा काढून तास पुढे चालू ठेवतो, तो सेमिस्टरसाठी तयार आहे.

सगळ्यांसमोर ज्येष्ठांच्या चुका काढू नका. निरीक्षकांनी सर किंवा मॅडमना बाजूला घेऊन बोलावे. एकदा भर हॉलमध्ये संकोच वाटला की ते पुन्हा येत नाहीत, आणि त्यांच्याकडचा विषयाचा अनुभव आपल्याला हवाच असतो.

## ६. वर्गात उतरवणे

कार्यशाळा संपल्यावर चार-सहा आठवड्यांच्या आत ते युनिट शिकवले गेले पाहिजे, नाहीतर हाताला बसलेले विसरायला होते. पावसाळी सेमिस्टरमध्ये हे युनिट चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी संपेल असे बसवा. चवथीच्या दिवसांत ऑनलाइन काम देऊ नका. मुले मूळ गावी असतात, घर पाहुण्यांनी भरलेले असते, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान जमवायचे असते. तेव्हा न आलेल्या उत्तरांवरून मुलांना बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे आहे.

प्रत्येक प्राध्यापकाला दुसऱ्या विभागातला एक जोडीदार द्या. जोडीदाराने किमान एक तास वर्गात मागे बसून पाहावा. यासाठी प्राचार्यांकडून वेळापत्रकात अधिकृत तास मागून घ्या. 'सवडीने बसा' असे सांगितले की कोणीच बसत नाही. प्रशिक्षकाने सेमिस्टरमध्ये दोन वेळा सगळ्यांना तासभर भेटावे: एकदा युनिट चालू असताना अडचणी सोडवायला, एकदा संपल्यावर.

> इशारा: व्हॉट्सअॅप ग्रुपवर विद्यार्थ्यांचे गुण, गैरहजेरीची यादी किंवा फोटो टाकू नका. पहिल्या वर्षाची बरीच मुले अठराच्या आतली असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक धरली आहे. मुलींचे नंबर ग्रुपमधून नको त्या हाती जातात. सूचना एकतर्फी राहतील असा ग्रुप ठेवा आणि गुण मूडल किंवा क्लासरूममधून ज्याचे त्याला द्या.

## ७. आयएसए (सेमिस्टरमधले अंतर्गत मूल्यमापन) आणि एआय

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आले आणि 'खाजन शेतीवर पाचशे शब्दांत टिपण लिहा' या असाइनमेंटचा अर्थ संपला. प्रशिक्षणात सगळे विचारतात: ओळखायचे कसे? ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नका. ओपनएआयने स्वतःचे असे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. अशा यंत्राच्या भरवशावर एखाद्या मुलीला शून्य देणे, तेही तिने स्वतः मेहनतीने लिहिलेले असताना, हे शिक्षकाच्या हातून होता कामा नये.

प्रश्न बदला. गावातल्या किंवा जवळच्या मानशीचा स्वतः काढलेला फोटो, ती कोण सांभाळते हे विचारून लिहिलेल्या दहा ओळी, आणि त्यावर तीन मिनिटांचे तोंडी. ज्याच्या गावात खाजन नाही त्याला तळी, बांध, बंधारा चालेल. एआय वापरले असेल तर कुठे आणि कशासाठी हे एका ओळीत लिहायला सांगा, आणि लिहिले म्हणून गुण कापू नका.

साठ जणांचे तोंडी म्हणजे तीन तास, मुले बदलण्याचा वेळ वेगळा. ते तास दुसऱ्या टप्प्यातल्या पंधरा चौकोनांत आधीच धरलेले असले पाहिजेत.

## ८. परिणाम मोजणे आणि प्रमाणपत्र

उपस्थितीची सही आणि 'कार्यशाळा कशी वाटली?' हा फॉर्म नॅकच्या (कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलपुरता ठीक. खरे मोजायचे ते वेगळे: मागच्या वर्षी ज्या प्रश्नाला मुले अडली तोच प्रश्न, त्याच काठिण्याचा, या वर्षी दिल्यावर किती जणांना जमला. शिवाय पाच-सहा मुलांशी, विशेषतः लांबून येणाऱ्यांशी, दहा मिनिटे बोला.

प्रमाणपत्र युनिट शिकवून झाल्यावर द्या. याला विरोध होतो, कारण पदोन्नतीच्या फाइलला ते वेळेत हवे असते. ही गरज खरी आहे. म्हणून हजेरीचे पत्र लगेच आणि पूर्ततेचे प्रमाणपत्र सेमिस्टरअखेर, असे दोन कागद करा आणि कार्यशाळेच्या निमंत्रणातच तसे लिहा.

## ९. साहित्य कॉलेजात ठेवणे

आपल्याकडे लेक्चर बेसिसवर आणि कंत्राटी पद्धतीने काम करणारे तरुण प्राध्यापक बरेच आहेत. हे काम तेच उत्साहाने करतात, आणि वर्ष संपले की दुसऱ्या कॉलेजात जातात. त्यांच्या जीमेलवरचे सगळे त्यांच्याबरोबर जाते. वैयक्तिक खात्यातल्या गूगल ड्राइव्ह फाइलची मालकी नंतर कॉलेजच्या खात्याकडे थेट वळवता येत नाही, प्रत काढून घ्यावी लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून काम कॉलेजने दिलेल्या खात्यातच होऊ द्या. कंत्राटी प्राध्यापकांना असे खाते मिळत नसेल तर कार्यशाळेआधी ते मागून घेणे हे समन्वयकाचे काम. आणि साहित्यावर बनवणाऱ्याचे नाव राहू द्या. ते त्याच्या श्रमाचे आहे, पुढच्या मुलाखतीत त्याला दाखवताही आले पाहिजे.

फोल्डरमध्ये चार रकान्यांचा कागद, साहित्य, प्रश्न आणि 'पुढच्या वेळी काय बदलावे' अशी अर्ध्या पानाची नोंद ठेवा. सेमिस्टरच्या शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी ते फोल्डर स्वतःच्या लॉगिनने उघडून पाहावे.